चीज, मेण आणि नालवाडीचा उन्हाळा

मेण वितळायला ठेवलं की थर्मामीटरवरचा आकडा आधी भराभर चढतो आणि मग ६३ अंशांच्या आसपास अडून बसतो. गॅस चालू असतो, खालच्या गंजातलं पाणी खदखदत असतं, आच पोचतच असते, पण आकडा बराच वेळ हलायचं नाव घेत नाही. पातेल्यात डोकावलं तर मधाच्या रंगाचा पातळ रस दिसतो आणि त्याच्या तळाशी अजून न वितळलेली पिवळी ढेकळं. बर्फ पाण्यावर तरंगतो; मेणाची ढेकळं मेणाच्या रसात बुडतात. म्हणजे मेण गोठताना आकसतं आणि दाट होतं. हे आकसणं लक्षात ठेवावं. पुढे चीजवर त्याचाच उपयोग होतो आणि त्रासही त्याचाच होतो.

शेवटचं ढेकूळ नाहीसं झालं की आकडा पुन्हा पळायला लागतो. इतका वेळ सगळी उष्णता घट्टाचं पातळ करण्यात खर्ची पडत होती. ते काम संपलं, आता ती नुसतं तापवते. पाण्याचं तसं नसतं. पाणी १०० अंशांवर उकळतं आणि आच कितीही वाढवली तरी तिथेच राहतं. उकळणं हीच त्याची सूचना आणि तोच त्याचा अडसर. थेट आचेवर ठेवलेल्या मेणाला असा अडसर नाही. ते बुडबुडत नाही, आवाज करत नाही, दिसायला तसंच शांत राहतं आणि १२०, १५०, १८० असं चढत जातं. शिवाय एक अंश वर जायला त्याला पाण्याच्या साधारण निम्मीच उष्णता पुरते. दोनशेच्या पलीकडे त्याच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात. घरी चीजवर मेण चढवताना जे अपघात होतात ते बहुतेक याच टप्प्यावर होतात, कारण मेण वितळलं म्हणजे काम झालं असं वाटून माणूस दुसरीकडे वळतो.

मी हे काम नालवाडीत करते. नालवाडी आता वर्धा शहराला इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपलं ते नव्या माणसाला कळत नाही. १९३२ साली विनोबा इथे राहायला आले तेव्हा मात्र हे शहराबाहेरचं, मुख्यतः दलित वस्तीचं खेडं होतं. १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला गेले. याच नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. कत्तलीच्या जनावराचं कातडं घ्यायचं नाही, आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचंच कमवायचं, ही त्या कामाची अट होती. लागूनच गोपुरी. तिथे जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात गोसेवेचं काम हाती घेतलं होतं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. आणि वर्ध्यातच मगनवाडी, जिथे डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद आणि मधमाशापालन यांचे प्रयोग करत होता. दूध, कातडं आणि मेण ही तिन्ही कामं दोन-चार किलोमीटरच्या आत चालली होती.

चीज हा परमुलखातून आलेला पदार्थ. पण तो इथे करायला बसलं की त्या लोकांनी विचारलेले प्रश्न जसेच्या तसे समोर येतात. दूध कुणाचं? आर्वीकडच्या गवळाऊ गाईचं मिळालं तर उत्तम, पण ती मुळात ओढकामाची जात, दूध बेताचं. दूध कशाने घट्ट करायचं? जुन्या रीतीचं रेनेट वासराच्या चौथ्या पोटातून काढतात. गोपुरीच्या शेजारी बसून ते वापरणं मला तरी शक्य नाही. सुदैवाने बुरशीपासून बनवलेलं शाकाहारी रेनेट आता सहज मिळतं आणि भारतातलं बरंचसं चीज त्यावरच होतं. तिसरा प्रश्न वरच्या आवरणाचा, म्हणजे मेणाचा. ते कुठून आणि कसं आलं?

त्याकडे जाण्याआधी मेण लावायचंच कशाला, ते सांगायला हवं. दहा लिटर गाईच्या दुधाचं साधारण एक किलो चीज होतं. दूध ६३ अंशांना अर्धा तास ठेवून निर्जंतुक करायचं, कोमट झाल्यावर त्यात विरजण आणि रेनेट घालायचं, दही घट्ट लागलं की सुरीने कापून निवळी सुटू द्यायची, हळूहळू ऊब देत ढवळायचं, मग मलमलीत बांधून वजनाखाली दाबायचं. माझ्याकडे वजन म्हणजे जात्याची वरची तळी. दुसऱ्या दिवशी निघतो तो पांढरट, रबरासारखा गोळा खायला अगदीच अळणी आणि बोदा लागतो. त्याला चव येते ती नंतर, दोन महिने, चार महिने, सहा महिने मुरल्यावर. विरजणातले जंतू आणि त्यांनी मागे ठेवलेली पाचकद्रव्यं आत सावकाश काम करतात, प्रथिनं आणि स्निग्धांश फोडतात, त्यातून तो खमंग, थोडा झणझणीत स्वाद उतरतो. या कामाला हवा लागत नाही. वरून बसणाऱ्या बुरशीला मात्र हवा लागतेच. म्हणून गोळा हवाबंद केला की आतलं काम चालू राहतं आणि बाहेरची बुरशी उपाशी मरते. दुसरं म्हणजे पाणी. उघडा ठेवलेला गोळा सुकत जातो, वरून चिरतो, जाड साल धरतो आणि त्या सालीत बराचसा माल वाया जातो.

युरोपात यासाठी तळघरं असतात: दहा ते तेरा अंश तापमान, हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर ओल. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढा गारवा मिळतो, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की वाळत घातलेलं लुगडं पाव तासात कडक होतं. माठाची युक्ती मी करून पाहिली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दोन माठांच्या मध्ये वाळू भरली, आतल्या माठात थर्मामीटर ठेवला. चोवीस-पंचविसाच्या खाली तो गेला नाही. भाजीला ते पुरे, चीजला नाही. राहिला घरचा फ्रिज. त्यात चार-पाच अंश असतात, म्हणजे चीज मुरेल पण फार सावकाश. आणि फ्रिजमधली हवा कोरडी, ती गोळ्यातलं पाणी ओढून घेते. इथे मेणाचं मोल कळतं. ओलसर तळघर ज्याच्याजवळ नाही त्याला मेण हेच तळघर. मी एका जुन्या फ्रिजला बाहेरून तापमान नियंत्रक जोडून तो बारा अंशांवर ठेवते. मेण नसतं तर त्यातही पाण्याच्या वाट्या ठेवत बसावं लागलं असतं.

आता मेण कुठलं. माझ्या आजीच्या फणेरपेटीत एक बोटभर उंचीची पितळी डबी होती, त्यात मेण. सकाळी वेणी झाली की अनामिकेने मेणाचा इवलासा गोल कपाळावर टेकवायचा आणि त्यावर कोरडं कुंकू. टिकल्या येण्याआधी घरोघर हीच रीत होती. ते मेण मधमाश्यांचं असायचं, बोटाच्या ऊबेने मऊ होणारं, दिवसभर घामातही न सुटणारं. चीजवरच्या मेणाकडून मला नेमकी तीच अपेक्षा असते: चिकटून राहावं, पाणी आत-बाहेर जाऊ देऊ नये आणि तडकू नये. चांभार दोरा मेणातून ओढतो तोही त्याचसाठी. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मेणाची मूर्ती घडवून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतायची पद्धत दिली आहे. उरलेलं म्हणून ज्याला नाव पडलं त्याचा उपयोग इतका जुना आहे.

मधमाशी मेण बाहेरून गोळा करत नाही, अंगातून काढते. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या भरात असतात आणि त्यांतून अभ्रकाच्या कपरीसारखे पातळ पापुद्रे सुटतात. एक पापुद्रा साधारण एक मिलिग्रॅमचा. एका किलोच्या चीजच्या गोळ्याला दीड मिलिमीटर जाडीचा थर द्यायला सत्तर-ऐंशी ग्रॅम मेण लागतं, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार पापुद्रे. आणि एवढं मेण करायला माश्या त्याच्या कितीतरी पट मध खातात. एका किलोला सहा ते आठ किलो मध असा हिशेब सहसा सांगितला जातो. हे कळल्यापासून पातेल्याच्या काठाला चिकटलेलं मेणही मी खरवडून ठेवते.

आपल्या भागातलं बरंचसं मेण आग्यामोहोळाचं. मोठ्या झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला लोंबणारं ते एकच रुंद पोळं. जुनी रीत अशी की खाली जाळ करायचा, माश्या पळवायच्या नाहीतर मारायच्या, पोळं अख्खं तोडून अळ्या-अंड्यांसकट पिळायचं. त्यात मधही नासतो आणि वसाहतही संपते. वर्ध्याच्या ‘सेंटर ऑफ बी डेव्हलपमेंट’ या संस्थेने मध काढणाऱ्यांना याहून वेगळी पद्धत शिकवायचं काम केलं आहे. आग्यामोहोळात मध पोळ्याच्या एका वरच्या फुगीर भागात साठवलेला असतो. तेवढाच कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, संरक्षक पोशाख घालून काम करायचं. माश्या तो भाग पुन्हा बांधतात. मला या पद्धतीने काढलेल्या पोळ्याचंच मेण हवं असतं. वाळुंजकरांच्या चर्मालयाने कातड्याला जी अट घातली, तीच मेणाला घालण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं.

कारखान्यातल्या चीजवर सहसा मधमाश्यांचं मेण नसतं. तिथे पेट्रोलियमपासून मिळणारं पॅराफिन आणि सूक्ष्मस्फटिकी मेण यांचं मिश्रण असतं, लाल किंवा पिवळा खाद्यरंग घातलेलं. नुसत्या पॅराफिनचे रेणू सरळ, सुटसुटीत साखळ्यांचे असतात; गोठताना ते नीट रांगेत लागतात आणि मोठे स्फटिक होतात, म्हणून ते कडक आणि ठिसूळ. सूक्ष्मस्फटिकी मेणाच्या साखळ्यांना फांद्या असतात, त्यांना रांग लावता येत नाही, स्फटिक बारीक राहतात आणि मेण वाकतं पण मोडत नाही. गोळा उलटवताना, हाताळताना हाच लवचिकपणा लागतो. आपल्याकडच्या अन्नविषयक नियमांतही चीजला खाण्यायोग्य दर्जाच्या मेणाचं आवरण चालतं. मेणबत्त्या वितळवून मात्र चीजला लावू नयेत. त्यांच्यातलं मेण खाण्याच्या दर्जाचं असतंच असं नाही; त्यात तेलाचा अंश, सुगंध, कपड्यांचे रंग काहीही असू शकतं.

मधमाश्यांच्या मेणात बाजारात पॅराफिनची भेसळ होते. हाताला कळते. खऱ्या मेणाचा तुकडा मोडला तर मोडलेली बाजू रवाळ, मंद दिसते; बोटांत मळला की तो मऊ होऊन चिवट ताणला जातो आणि वास मधाचा, परागाचा येतो. भेसळीचा तुकडा गुळगुळीत, निसरडा लागतो. खऱ्या मेणाचाही एक दोष आहे: फ्रिजच्या थंडीत ते कडक होऊन तडकतं. मी पाव किलो मेणात दोन चमचे करडईचं तेल घालते. करडईचं तेल थंडीतही पातळ राहतं, म्हणून मेण जरा नरम पडतं. खोबरेल घालून उपयोग नाही, ते स्वतःच गोठतं.

मेण लावायच्या कामातला खरा भाग मेण वितळवण्याच्या आधी असतो, हे मला एक गोळा गमावून कळलं. तिसऱ्या की चौथ्या वेळचं चीज होतं, मार्गशीर्षातलं. दोन दिवस पाटावर ठेवलं होतं, वरून कोरडं दिसत होतं. शेजारच्या काकू ताक न्यायला आल्या होत्या. त्यांनी गोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “वलं हाये हे अजून. घाई कायले करतं वं?” मी म्हटलं, “काकू, वरून तर सुकलंय.” त्यांनी पाटाकडे बोट केलं. गोळा उचलल्यावर लाकडावर ओला गोल उमटला होता. तरी मी मेण चढवलं, कारण पातेलं गॅसवर ठेवून झालं होतं. तीन आठवड्यांनी गोळ्याच्या एका बाजूला मेण पुरीसारखं फुगलं. टोचलं तर आंबूस, उग्र वासाचं पाणी निघालं. आत सालीखाली निवळी साचली होती आणि नको ते जंतू त्यात वाढून वायू करत होते. दहा लिटर दूध गेलं.

मेण चीजला सुधारत नाही. जे आत आहे ते कोंडून ठेवतं, चांगलं असो की वाईट. म्हणून पनीरला किंवा छन्याला मेण लावून टिकवता येत नाही. त्यांत पाणी फार आणि विरजणाचे जंतूही नाहीत. हवा बंद झाली की बुरशी जाते, पण हवा नसतानाच फोफावणारे जंतूही असतात. त्यांतला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम जीवघेणं विष करतो. मुरवायच्या चीजमध्ये त्याला अडवतात ते आम्लता, मीठ, कमी पाणी आणि विरजणातले जंतू, चौघं मिळून. यांतला एकजण जरी कमी पडला तरी वरचं मेण संरक्षण न होता धोका होतं. दाबून काढलेलं, नीट मीठ मुरलेलं, घट्ट चीजच मेणाच्या लायकीचं.

आता मी गोळा तीन ते पाच दिवस जाळीदार बांबूच्या चटईवर, पंख्याचा थेट वारा लागणार नाही अशा ठिकाणी ठेवते, दिवसातून दोनदा उलटते. हात लावला की कागदासारखा कोरडा लागला पाहिजे आणि खाली ओल उमटता कामा नये. उन्हाळ्यात हे एका दिवसात होतं, पण ते सुकणं फसवं. वरची साल वाळते आणि आतलं पाणी कोंडतं, मग साल तडकते. म्हणून एप्रिल-मेमध्ये वरून ओला पंचा झाकून सुकणं लांबवावं लागतं. मग व्हिनेगरमध्ये मीठ घालून त्यात पिळलेल्या फडक्याने सगळा गोळा पुसायचा, पुन्हा तासभर सुकवायचा आणि फ्रिजमध्ये गार करायचा. गार गोळ्यावर मेण चटकन धरतं. पावसाळ्यात मात्र गार गोळा बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, दवाचे थेंब येतात, आणि ओल्यावर मेण चिकटत नाही. त्या दिवसांत मी गार करायचं सोडून देते.

मेणाला एक वेगळं पातेलं ठेवावं, ते परत स्वयंपाकात येणार नाही हे गृहीत धरून. माझं जुनं, कान असलेलं स्टीलचं पातेलं मोठ्या गंजात, तळाशी रिंगण ठेवून बसवलेलं असतं. गंजात अर्ध्यापर्यंत पाणी. हे पाणी म्हणजेच मेणाला नसलेला अडसर. नालवाडीत पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे आतलं मेण नव्वदीच्या पुढे सहसा जात नाही. काही कुशल लोक मेण ११० अंशांपर्यंत तापवून गोळा त्यात बुडवायला सांगतात, कारण तेवढ्या उष्णतेने सालीवरची बुरशीची बीजं मरतात. बरोबर आहे, मरतात. पण त्यासाठी पातेलं थेट आचेवर ठेवावं लागतं, आणि घरच्या ओट्यावर, मुलं-माणसं येत-जात असताना, तेवढा लाभ त्या धोक्याच्या तोलाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिनेगरने पुसलेल्या, नीट सुकलेल्या गोळ्याला नव्वद अंश पुरतात.

मेण नव्वदीत आलं की पाण्यासारखं पातळ होतं. तेव्हा पहिला हात. गोळा दोन्ही हातांनी कडेला धरायचा, अर्धा भाग मेणात बुडवायचा, मनात पाच मोजायचे, उचलायचा, वरचेवर गोल फिरवत थेंब पडू द्यायचे. मेणाचा झळाळ बघता बघता मावळतो, रंग धुकट होतो, म्हणजे ते धरलं. मग उलटून दुसरा अर्धा, आधीच्या काठावर बोटभर चढवून. पातेलं लहान असेल तर नैसर्गिक केसांच्या ब्रशने लावावं. तो कोरडा ठणठणीत हवा. पहिला थर गरम, पातळ आणि सालीच्या बारीक छिद्रांत उतरणारा. दुसरा आणि तिसरा थर मेण ७५-८० पर्यंत निवल्यावर, म्हणजे तो जाड बसतो. शेवटी उजेडाकडे धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधायची. मेण आकसताना कडेच्या धारेवर ते हमखास ओढलं जातं आणि तिथे थर विरळ होतो. म्हणून साच्यातून निघालेल्या गोळ्याच्या धारा मी दाबतानाच गोलसर करून घेते. दुसऱ्या थरानंतर कागदाच्या चिठ्ठीवर तारीख लिहून ती तिसऱ्या थराखाली बसवायची. मेणाखाली शाई पुसत नाही.

आगीबद्दल दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवाव्यात. मेणाने पेट घेतला तर गॅस बंद करायचा आणि पातेल्यावर घट्ट झाकण टाकायचं. पाणी चुकूनही नाही. पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथल्या उष्णतेने क्षणात वाफ होतं. एक चमचा पाण्याची वाफ हजाराहून जास्त पट जागा मागते, ती वरचं जळतं मेण छतापर्यंत उडवते. आणि अंगावर मेण सांडलं तर ते ओढून काढू नये, कातडीही सोबत येते. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. मेण गोठलं तरी उष्णता सोडतच असतं. जी उष्णता त्याने ६३ अंशांवर थांबून घेतली होती, तीच गोठताना परत देतं. म्हणून मेणाचा चटका खोल जातो.

६३ या आकड्याचा आणखी एक योग आहे. दूध निर्जंतुक करायचं सौम्य तापमान ६३ आणि मधमाश्यांच्या मेणाचा वितळबिंदू ६२ ते ६४. मेण वितळलं म्हणजे ते तापमान गाठलं; सूर्यचुलीवर पिण्याचं पाणी निर्जंतुक करणाऱ्या काही ठिकाणी याच तत्त्वावरची पारदर्शक प्लास्टिकची छोटी नळी पाण्यात सोडतात. तिच्यात वरच्या टोकाला सोयाबीनचं मेण असतं. पाणी ६९ अंशांच्या आसपास पोचलं की ते वितळून खालच्या टोकाला येतं आणि थर्मामीटरशिवाय कळतं की पाणी पुरेसं तापलं. मेण ठरल्या जागी नेमाने वितळतं, याचा इतका साधा उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

चीज कापताना मेण सोलून निघतं, संत्र्याच्या सालीसारखं. ते फेकायचं नाही. तुकडे कोमट पाण्यात धुऊन चीजचे कण काढायचे, मग पाण्यासकट उकळायचे. मेण वर तरंगतं, कचरा पाण्यात आणि मेणाच्या तळाला बसतो. थंड झालं की वरची वडी उचलायची आणि तळाचा काळपट भाग सुरीने खरवडायचा. सिंकमध्ये हे पाणी ओतू नये, पाइपात मेण गोठतं आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. फुगलेल्या, नासलेल्या गोळ्यावरचं मेण मी पुन्हा चीजला वापरत नाही, ते दिव्यांना जातं.

मे महिन्यात मात्र गॅसही लागत नाही. वर्षभर जमलेलं मेण एका लाकडी खोक्यात, काळ्या रंगाच्या तिरक्या पत्र्यावर पसरते, पत्र्याच्या खालच्या टोकाशी मलमलीचा तुकडा आणि त्याखाली पाणी घातलेलं वाडगं, वरून काच. सकाळी नऊला गच्चीवर ठेवलं की अकराच्या सुमारास पहिला ओघळ सुटतो. जो उन्हाळा चीज मुरू देत नाही तोच हे काम फुकटात करतो. दुपारी चारला काच उचलताना मधाच्या वासाची गरम हवा तोंडावर येते. मलमलीवर राखाडी गाळ अडकलेला असतो आणि वाडग्यात पाण्यावर हळदीच्या रंगाची, बशीएवढी वडी तरंगत असते. कडेने आकसून ती भांड्यापासून आपणच सुटलेली असते. रात्री ती जुन्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात जाते, दिवाळीनंतरच्या पहिल्या गोळ्यासाठी.